रोज्याचं पातेलं घेऊन अकोल्याला

ही पोस्ट मी महिनाभर टाळली. फोटो होते, रस्ता आठवत होता. पण खरं लिहायचं तर एक गोष्ट कबूल करावी लागते, आणि माझा ब्लॉग न चुकता वाचणारी एकच बाई आहे. माझी आई.

अमरावतीत राजापेठच्या आमच्या घरी माळ्यावर एक पातेलं असतं, जुन्या साडीत बांधलेलं. आई अकोल्याला नर्स होती तेव्हा शेजारी जुबेदाखाला राहायच्या. पहिल्याच रमजानात आईनं हे नवंकोरं पातेलं घेतलं. आमच्या ख्रिस्ती घरात सगळंच शिजतं, डुकराचंसुद्धा. म्हणून ह्यात फक्त रोजा सोडायला न्यायचं तेच करायचं. वर्षातून एका शुक्रवारी खालाच्या इफ्तारला दहीफुलकी, म्हणजे दह्यात भिजवलेली बेसनाची भजी, आमच्या घरची. आम्ही अमरावतीला आलो तरी आईनं तो शुक्रवार सोडला नाही. ह्या बाईचा मला फार अभिमान आहे, म्हणूनच पुढचं लिहायला जड जातंय.

नाताळाआधी आई मामाकडे गेली होती आणि मी त्या पातेल्यात द्राक्षाची वाईन घातली. दुसरं मोठं भांडं सापडलं नाही, एवढंच. घासलं, साडीत बांधलं, परत वर.

यंदा आईचे गुडघे धरले. म्हणाली, "रूथ, तू जाय. गावभर गाडी फिरवतं, एक दिवस कामाची फिरव." आणि त्याच पातेल्यात बेसनाच्या फुलक्या भरल्या. मी पातेल्याचं तोंड फडक्यानं बांधून घेतलं.

दुपारी स्कूटर काढली. बडनेरा मागं पडलं की हायवे छान आहे. शंभरेक किलोमीटर, रमतगमत तीन तास धरा. तोंडाला रुमाल आणि सोबत पाणी हवंच. मूर्तिजापूरला चहाला थांबले आणि बंद पडलेल्या छोट्या रेल्वेचे रूळ बघायला वळले. रुळांत गवत, बाभळी. एक आजोबा शेळ्या घेऊन बसलेले.

"कोणती गाडी पाहून राहिली वं?"

"कोणतीच नाही, आजोबा."

"मंग बराबर जागी आली. तेच येते इथं."

त्यांच्याशी बोलण्यात तास गेला. खरं सांगू? मला पोचायचंच नव्हतं.

अकोल्यात शिरले तर गल्लीत खजूर, टरबुजाच्या फोडी, तळणीचा वास, आणि रोजा सुटायला जेमतेम वीस मिनिटं. खाला दारातच उभ्या. "आली का फिरस्ती? दही घुसळून ठेवलं मीनं. आण ते पातेलं." त्यांनी हात पुढे केला आणि माझ्याच्यानं सोडवेना.

"खाला, ह्यात मी नाताळाची वाईन केली. आईले माहीत नाही."

खालांनी पातेल्यावरचं फडकं उचलून आत बघितलं. आत बायका ताटं मांडत होत्या. मला वाटलं, आईची इतक्या वर्षांची मेहनत मी उंबऱ्यावर सांडली.

"धुतलं होतं?"

"तीनदा."

"मंग भांडं तं पाक-साफ झालं. मले कावून सांगून राहिली?"

"तुमी खाणार होत्या म्हणून."

"अन् मायले?"

मी पातेल्यावरचा हात सैल केला. त्यांनी पातेलं ओढून घेतलं, दही ओतलं आणि सगळ्यांच्या मधोमध ठेवलं. "सिस्टरच्या घरची फुलकी आहे. पहिले हे घ्या." अजान झाली, खजूर तोंडात गेला आणि पुढचा हात सगळ्यांचा फुलकीकडे.

माझ्यापुढं मात्र वेगळी ताटली आली, बटाट्याची भाजी आणि पोळी. बाकीच्यांना खिमा. यंदा आमचा ईस्टरआधीचा उपवासकाळ आणि रमजान एकाच सुमारास आलेत आणि शुक्रवारी आमच्या घरी मटण नसतं. मी विसरले होते. खाला विसरल्या नव्हत्या.

काही ख्रिस्ती वाचक विचारतात, रोज्याच्या दिवसांत शेजारी जावं का, काय न्यावं? जा. फळं न्या. अजानच्या आधी पोचा, नंतर नको. "पाणीपण नाही?" असं दर वर्षी विचारू नका. आपला उपास असेल तर लपवू नका, त्यांना तो आपल्यापेक्षा लवकर समजतो.

निघताना पातेलं मागितलं. खाला म्हणाल्या, "ते राहीन इथं. मायले सांग, मंग घेऊन जाय."

घरी आल्यापासून आई रोज विचारते, पातेलं कुठंय. मी रोज म्हणते, राहिलं. ईद होऊन गेली. आज ईस्टरचा आदला दिवस. एवढ्या वर्षांत आईनं एका भांड्यात जे जपलं, ते माझ्या हातून गेलं नाही ह्याचाच मला अभिमान वाटतो. माझ्या गप्प बसण्याचा नाही. म्हणून आज लिहायला बसले, आईनं वाचावं म्हणून.

थांबा, बेल वाजली.

आईचा आवाज: "आपा! तुमी? एवढ्या लांब?" खालू, म्हणजे त्यांचे नवरे, गेल्यापासून खाला अकोल्याबाहेर पडल्या नाहीत. खिडकीतून दिसतंय, रिक्षातून उतरल्यात, दोन्ही हातांत तेच पातेलं, तोंडाला फडकं बांधलेलं, आत काहीतरी भरलेलं.

"उद्या तुमचा उपास सुटते ना, सिस्टर? म्हणून आणलं. अन् पोरीले बोलाव पहिले. तिले तुले काही सांगायचं आहे."