ह्या स्टॉपला गाडी थांबत न्हाई

आम्ही तिघी भेटलो की आधीच ठरवतो, आज सरवदे काकांचा विषय काढायचा नाही. नोकरीचं बोलू, केसगळतीचं बोलू, पण काका नको. मग चहा येतो, शाहीन चमच्याने कपावर 'टण-टण' वाजवते आणि झालं कल्याण! पुढचा सगळा वेळ काकाच. घरचे विचारतात, एका वायफायवर एवढे किस्से कसे होतात तुमचे? आता काय सांगणार! ज्यांनी ते वायफाय वापरलं नाही त्यांना ते कळायचं नाही.

मी नांदेडची, शाहीन उदगीरची, रेखा रेणापूरची. मेडिकलच्या क्लाससाठी तिघी लातूरला आलो आणि सरवदे काकांच्या वरच्या खोलीत राहिलो. काका एस.टी.तून रिटायर झालेले कंडक्टर. रिटायर झाले म्हणजे ड्युटी संपली असं आपलं वाटतं. काकांनी फक्त बस बदलली होती.

पहिल्या दिवशी मला सोडायला अण्णा आले होते. आमचे अण्णा रेल्वेच्या ऑफिसात, बोलणं मोजकं. माझा हा दुसरा अटेम्प्ट होता आणि त्याच्या अटी त्यांनी घरीच सांगून ठेवल्या होत्या. "ह्या वेळी नाही जमलं, तर घरी ये, बीएस्सी कर. मी स्थळं बघायला मोकळा." काकांना मात्र त्यांनी एकच गोष्ट सांगितली. "काका, पोरीचं अभ्यासातून ध्यान उडेल असं काही म्हणजे काहीच उघडायला नको बघा मोबाईलवर."

काकांनी छातीवर हात ठेवला. "अण्णासायेब, बिनघोर जावा."

अण्णा बिनघोर गेले. आमचा घोर सुरू झाला!

*

आता कोणी म्हणेल, वायफाय बंद तर मोबाईलचा डेटा वापरायचा. तीच तर गंमत होती. त्या घरात रेंजच यायची नाही!

काका-काकू मूळचे किल्लारीकडचे. भूकंपात गावातलं घर गेलं, मग लातूरला येऊन त्यांनी हे बांधलं. बांधताना काकांनी एवढं लोखंड घातलं की गवंडीच म्हणाला, "मामा, घर बांधायलाव का पूल?" स्लॅब असा की वर हत्ती नाचवा. पण मोबाईलची एक कांडी आत येईल तर शपथ!

आणि दुसरं म्हणजे, त्या घरात एकाही दाराला आतून कडी नव्हती. खोलीला नाही, मोरीलासुद्धा नाही. पहिल्या दिवशी शाहीन आंघोळीला गेली आणि तशीच बाहेर आली. "काकू, कडी तुटली की क्या?"

"तुटली न्हाई बाई, लावलीच न्हाई. टॉवेल टाक दारावर. टॉवेल दिसला की कुनी येत न्हाई."

आम्ही खूप हसलो. त्या दिवसापासून टॉवेल हीच आमची कडी. नंतर कधीतरी भाकरी थापता थापता काकूंनी कारण सांगितलं. भूकंपाच्या त्या पहाटे काकांची आई आत झोपलेली होती आणि दाराला आतून कडी होती. काका बाहेरून दार ढकलत राहिले. एवढंच सांगितलं आणि भाकरी उलटली. मला फार वाईट वाटलं. परत कडीवरून कोणी हसलं नाही.

*

तर वायफाय. जोडायला आलेल्या माणसाने काकांच्या मोबाईलवर एक अ‍ॅप टाकून दिलं. नाव लिहा, बटण दाबा, ती साईट अख्ख्या घरात बंद. काकांना असा आनंद झाला, की जणू प्रमोशन मिळालं.

त्यांनी पद्धतही एस.टी.चीच ठेवली. जिन्याच्या लोखंडी कठड्यावर खालून किल्ली वाजवायची. एकदा 'टण' म्हणजे नेट बंद, गाडी थांबली. दोनदा 'टण-टण' म्हणजे नेट सुरू, चला पुढे! तुम्ही आयुष्यात कितीही हुशार असा, ऑनलाईन टेस्टच्या मधोमध 'टण' ऐकू आलं की हातातलं सोडून जिन्याकडे धावायलाच लागतं.

एखादी साईट उघडेना म्हणून आम्ही खाली विचारायला जायचो, तर काका शेंगा फोडत बसलेले. वर न बघता म्हणायचे, "ह्या स्टॉपला गाडी थांबत न्हाई."

"काका, पण क्लासच्या सरांनीच..."

"सरांना म्हनावं, डेपो मॅनेजरला भेटा."

डेपो मॅनेजर कोण, तर तेच!

*

पहिल्या झटक्यात काकांनी व्हिडिओची साईट बंद केली. आमच्यासाठी केली होती. पण नेट अख्ख्या घराचं एकच, हे बटण दाबताना त्यांच्या लक्षात आलं नाही. काकू दुपारी त्याच साईटवर मालिका बघायच्या. त्यात त्या दिवशी नेमकं सुनेचं खरं रूप उघडं पडणार होतं.

चार वाजले, चहा आला नाही. काका दोनदा खाकरले. तरी नाही. शेवटी स्वतः स्वयंपाकघरात गेले. "चहा?"

काकू म्हणाल्या, "ह्या स्टॉपला गाडी थांबत न्हाई."

वर जिन्यात आम्ही तिघी एकमेकींच्या तोंडावर हात दाबून उभ्या! थोड्या वेळाने खालून 'टण-टण' झालं. काकांनी जाहीर केलं, "दुपारच्याला महिलांसाठी सवलत चालू केलेली हाय." सवलत सगळ्या महिलांना होती, त्यामुळे आमचीही सोय झाली. काकूंनी वर बघून डोळा मारला तो मी अजून विसरले नाही.

*

मग त्यांना अ‍ॅपमध्ये एक तयार सोय सापडली. एकच बटण, आणि घरात काही वंगाळ म्हणून उघडणारच नाही. काकांनी दाबलं. दुसऱ्या दिवशी आम्ही बायोलॉजीचा प्रजनन संस्थेचा धडा काढला आणि त्याची एकही आकृती उघडेना!

आता हे काकांना जाऊन सांगायचं कोणी? शाहीन म्हणाली, "मेरे को मारा तरी मी नाही जाणार." मी तर अण्णांची मुलगी, माझा प्रश्नच नव्हता. शेवटी रेखा उठली. रेखा रेणापूरची, घरी गाई-म्हशी, तिला कशाची लाज ती नव्हतीच. सरळ खाली गेली आणि म्हणाली, "काका, मानूस कसा जलमतो ते उघडंना गेलंय."

काकांच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी छताकडे बघितलं.

"परीक्षेला हाय का त्ये?" काकांनी विचारलं.

"हाव. लई मार्काला हाय."

काकांनी मोबाईल काढला, बटण दाबलं, किल्ली घेतली, टण-टण वाजवलं, आणि पायात चप्पल घालून जे बाहेर गेले ते जेवायलाच आले!

*

काका सगळ्यात खूश कधी झाले असतील, तर आम्हाला पकडलं तेव्हा. शेजारच्या घरात पोरांची रूम होती आणि त्यांच्या वायफायला कसलंच कुलूप नव्हतं. आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे एका कोपऱ्यात ते बरोबर लागायचं. गच्चीवर मोबाईलची रेंजही यायची, पण रोजचा डेटा दोन व्हिडिओंतच संपायचा. आम्ही कपडे वाळत घालायच्या निमित्ताने तिथे जाऊन बसायचो. एवढे कपडे धुतलेले बघून काकू कौतुक करायच्या, "पोरी लई टापटीप हायत!"

एक दिवस तिघी टाकीमागे एका मोबाईलवर डोकी घालून बसलेल्या, आणि मागून आवाज आला.

"तिकीट?"

वळून बघितलं तर काका! कमरेवर हात, चेहऱ्यावर असं समाधान की नोकरीत असा माल कधी सापडला नसेल.

शाहीनने प्रयत्न केला. "काका, हम तो कपडे..."

"दुसऱ्याच्या गाडीत बसताव आन् ते बी विनातिकीट? उतरा खाली!"

दंड म्हणून आठवडाभर काकूंच्या शेंगा फोडल्या. बोटं सोलून निघाली. त्यावर शाहीन म्हणायची, "मी डॉक्टर झाली ना, तर काकांना इंजेक्शन मीच देणार. मोठ्या सुईने!"

*

परीक्षा जवळ आली तसे काका कडक झाले. क्लासची साईट सोडून बाकी सगळे स्टॉप रद्द. दुपारची सवलतही बंद, आणि ह्या वेळी काकूंनीसुद्धा चहा बंद केला नाही. परीक्षा झाली. पण चालू करायचं काकांच्या डोक्यातून गेलं, आणि निकालाच्या दिवशी निकालाचीच साईट उघडेना!

आम्ही तिघी रडकुंडीला आलेल्या, काकू कपाळाला हात लावून, आणि काका मोबाईलवर अंगठा घासताहेत. "थांबा, थांबा. घाई करू नका. चालत्या गाडीत चढू नका!" शाहीन ओरडली, "काका, गाडी सुटली कधीची!"

शेवटी काकांनी सगळेच स्टॉप चालू केले, तेव्हा कुठे उघडली. शाहीनचं झालं होतं. रेखाचं नव्हतं, पण ती म्हणाली, "मला म्हशीच बऱ्या," आणि खरंच तिला काही वाटलं नाही. माझंही झालं नव्हतं. थोडक्यात गेलं होतं.

मी वर जाऊन दार लोटलं. दाराला कडी नव्हतीच, म्हणून दारावर टॉवेल टाकला आणि आत बसून खूप रडले. पेपर सोडवताना कुठे चुकले ते मला कळलं होतं. अजून एक वर्ष मिळालं तर होईल, अशी खात्री होती. पण हे अण्णांना सांगायची माझी हिंमत नव्हती. काकू टॉवेल बाजूला करून आत आल्या, तेव्हा त्यांना मात्र अण्णांच्या अटीसकट सगळं सांगितलं. काकूंनी डोक्यावरून हात फिरवला आणि खाली काकांकडे गेल्या.

*

दुसऱ्या दिवशी अण्णा मला न्यायला आले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "सामान बांध," म्हणाले आणि खाली बैठकीत बसले. मी जिन्यात उभी होते, हातात पिशवी घेऊन.

काकूंनी चहा दिला. अण्णांनी चष्मा लावला, मोबाईल काढला. रेंज नव्हती, म्हणून काकांकडून वायफाय जोडून घेतलं. नांदेडहून निघतानाच कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की स्थळांच्या साईटवर मुलीचं नाव आजच टाका, चांगली स्थळं पटकन जातात. माझा फोटोही काढून ठेवला होता त्यांनी.

साईट उघडेना. त्यांनी मोबाईल हलवला. दाराकडे धरला. मग खिडकीकडे धरला.

"काका, नेट बंद आहे का हो?"

"न्हाई. चालू हाय की." काका शेंगा फोडत होते.

"बाकी सगळं उघडतंय. ही एवढीच साईट का उघडेना?"

"ह्या स्टॉपला गाडी थांबत न्हाई."

"म्हणजे? बंद केलीय? कोणी?"

"तुम्हीच की," काका म्हणाले. "पयल्या दिशी तुम्हीच म्हनलात न्हवं का, पोरीचं अभ्यासातून ध्यान उडंल आसं काय म्हंजे काय बी उघडायला नको?"

अण्णांनी चष्मा काढला. काकांकडे बघितलं. मग वर जिन्याकडे, माझ्याकडे आणि माझ्या हातातल्या पिशवीकडे बघितलं. चहावर साय धरली होती, तरी त्यांनी तो सगळा पिऊन टाकला. मोबाईल खिशात ठेवला आणि उभे राहिले.

"नांदेडची गाडी किती वाजता आहे?" त्यांनी विचारलं.

"एकट्याला लगेच मिळंल," काका म्हणाले.

अण्णांनी चपला घातल्या. काकांनी मांडीवरची टरफलं झटकली, जिन्यापाशी आले, कनवटीची किल्ली काढली आणि कठड्यावर वाजवली.

टण-टण.