डोंगर जळाला त्या वर्षीचे भुंगे

आमच्या वाडीवरचा डोंगर जळाला तो माझ्यामुळे. वाडीतल्या लोकांना वाटत राहिलं की माझ्या सासऱ्यांमुळे जळाला, आणि मामंजींनी ते कधी खोडून काढलं नाही.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. पूर्णगडच्या खाडीच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी आमचं घर. नवरा मुंबईला गिरणीत. त्या हिवाळ्यात गिरणी बंद पडली आणि त्याची पत्रंही बंद झाली. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारलेल्या. घरात मामंजी, मी आणि माझी सात महिन्यांची मुलगी, एवढीच माणसं. सुनेनं सासऱ्याशी सरळ बोलायचं नाही, अशी रीत होती. म्हणून जे सांगायचं ते मुलीला सांगायचं. ‘बाय, आजोबांना म्हणावं भाकरी झाली.’ तेही तिलाच म्हणत, ‘तुझ्या आयशीला सांग, आलोच.’ ती आळीपाळीनं दोघांकडे बघून हसायची.

माघ सरत आला तशी भाजावळ सुरू झाली. भाताचं बी पेरायच्या तुकड्यावर शेण, टहाळ, वाळक्या पानांचा पातेरा पसरून जाळायचा, म्हणजे पावसात रोप जोमानं येतं. हे काम समुद्रावरचा वारा उठायच्या आत उरकायचं, आणि आग पेटलेली असेपर्यंत कुणीतरी आग झोडपायला हिरव्या पानांचा टहाळा घेऊन बांधावर उभं राहायचंच. त्या दिवशी मामंजी खालच्या अंगाला होते आणि वरच्या बांधावर मी. घरात मुलगी रडायला लागली. चार दिवस तिला ताप होता. मी टहाळा टाकला आणि धावत गेले. तिला पाजून परत आले तोवर बांधावरचं वाळकं गवत पेटलं होतं आणि वारा सुटला होता.

चढणीवरची आग माणसाच्या पुढे धावते. वाडीतली सगळी माणसं टहाळे घेऊन आली, पण दुपारपर्यंत आग माथ्यावर पोचली. गुरांसाठी राखलेलं सगळ्यांचं गवत गेलं. काजूची झाडं गेली, बांबूचं बेट गेलं, डोंगराच्या कुशीतला सुका पांगारा उभाच्या उभा जळून कोसळला.

संध्याकाळी लोक आमच्या अंगणात जमले. एका म्हाताऱ्या गावकरानं विचारलं, “वरच्या बांधावर कोण होता?”

“मी होतो,” मामंजी म्हणाले. “डोळा लागला.”

मी दाराआड उभी होते. पदर दातांत धरला होता. बाहेर जाऊन बोलायला दहा पावलं पुरेशी होती. मी गेले नाही. लोकांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ते नुसते उठले आणि गेले. दुसऱ्या दिवसापासून आमच्या अंगणातून जाणारी वाट त्यांनी सोडली. आमच्या विहिरीवर पाण्याला येणाऱ्या बायकाही खालच्या विहिरीवर जाऊ लागल्या.

वैरण नव्हती म्हणून गाय माझ्या माहेरी पोचती केली. दूध गेलं. कणगीतला तांदूळ काढताना हात तळाला घासू लागला. उरला तो विहिरीजवळचा मळा. तांबड्या भोपळ्याचे वेल छान पसरले होते, फुलं येत होती. पाऊस लागेपर्यंत या वेलांवर जगायचं, असं मी मनाशी धरलं होतं.

पण भोपळा धरेना. फुलाच्या मागे बोराएवढं फळ दिसायचं. दोन दिवसांत ते पिवळं पडायचं, तिसऱ्या दिवशी बोट लावलं की गळून हातात यायचं. रोज हेच. मी ग्रामदेवतेला नवस बोलले, वेलांच्या मुळाशी राख घातली, दुप्पट पाणी शिंपलं. मला वाटू लागलं, हे माझ्या गप्प बसण्याचं फळ आहे. आणि एरवी मिळेल ते तोंडात घालणारी माझी मुलगी आता हातसुद्धा उचलत नव्हती. अंगावरचं दूध आटलं होतं. भोपळ्याचा पाला उकडून मी आणि मामंजी खात होतो, तिला पेज पाजत होतो.

एका सकाळी एकाच वेलावर गळलेली सहा फळं दिसली आणि माझं डोकं फिरलं. मी दोन्ही हातांनी फुलं ओरबाडायला लागले. वेल ओढला, पायाखाली तुडवला. मामंजी विहिरीवरून आले. सुनेच्या हाताला हात लावणं शक्य नव्हतं. ते वाफ्याच्या कडेला पाठमोरे उभे राहिले आणि म्हणाले, “पोरी, थांब. हातातला टाक आणि ऐक.”

ते माझ्याशी पहिल्यांदाच सरळ बोलले होते. मी थांबले.

“काय ऐकू येता?”

“काहीच नाही,” मी म्हणाले. मग रडता रडताच बोलून गेले, “मामंजी, बांधावर मी होते.”

“ता मना ठावं हाय. मी इचारतो ता सांग. मळ्यात काय ऐकू येता?”

खरंच काही ऐकू येत नव्हतं. दरवर्षी फाल्गुनात मळ्यात पाऊल टाकलं की कानाशी घूं घूं चालायची. अंगठ्याएवढे काळे भुंगे, निळसर पंखांचे, फुलात शिरले की फूल खाली वाकायचं. त्या वर्षी ते नव्हते, सातेरीच्या मधमाश्याही नव्हत्या.

मामंजी डोंगराकडे बघत बोलत होते. सुक्या लाकडाला, जुन्या बांबूला भोक पाडून भुंगी आत घर करते. थंडी तिथंच काढते. झाडं फुलली की बाहेर पडते, फुलांचं पीठ आणून त्याचे गोळे करते, एकेका गोळ्यावर एकेक अंडं घालते आणि मध्ये लाकडाच्या भुशाची भिंत घालते. पांगारा आणि बांबूचं बेट जळालं तेव्हा घरासकट सगळी गेली.

“पण त्यांचा आणि भोपळ्याचा काय संबंध?” मी विचारलं.

ते अवघडले. “येलाला दोन जातीची फुला येतात. एक नुसता दांड्यावरचा, एक फळ घेऊन येनारा. ह्याचा पीठ त्याला लागला पायजे. भुंगा ता नेतो. आता...” त्यांनी घसा साफ केला. “आता तुला नेला पायजे.”

दुसऱ्या दिवसापासून उजाडताच मी मुलीला पाठीशी बांधून मळ्यात जाऊ लागले. दांड्यावरचं फूल तोडायचं, पाकळ्या सोलायच्या, आतली पिवळी काडी फळाच्या फुलात हलकेच फिरवायची. ऊन चढलं की फुलं मिटतात, म्हणून घाई. पहिल्या आठवड्यातली सगळी फळं गळली. मी जोरात घासत होते, फुलांची नाजूक अंगं दुखावत होते. हात हलका व्हायला दिवस गेले. मग एक फळ पिवळं पडलं नाही. चौथ्या दिवशी ते लिंबाएवढं झालं. मी त्याच्यावर पातेरा घातला आणि दिवसातून दहादा जाऊन बघितलं.

एका हातानं किती फुलं होणार! शिमग्यानंतर मामंजी एका दुपारी तरीच्या होडीत बसून खाडीपलीकडे गेले. काय आणायला जातात ते बोलले नाहीत. संध्याकाळी आले ते खांद्यावर एक जुना, काळवंडलेला बांबू घेऊन. त्याच्या भोकांत ओल्या चिंध्या कोंबल्या होत्या. पलीकडच्या गावात कुणी गोठा उतरवत होतं, तिथला हा वासा चुलीत जाणार होता. मामंजींनी हात जोडून तो मागून आणला होता. तरीपासून घरापर्यंत वाडीतले लोक बघत होते. एक जण मोठ्यानं म्हणाला, “आधी आग लावली, आता भुंगे आनतोय!” मामंजी मान खाली घालून चालत राहिले.

बांबू त्यांनी रिकाम्या गोठ्याच्या वळचणीला, पाऊस आणि ऊन लागणार नाही असा आडवा बांधला आणि चिंध्या काढल्या. सकाळी आम्ही दोघं लांब उभे राहिलो. बऱ्याच वेळानं एक भुंगा बाहेर आला, वर चढला आणि थेट खाडीच्या दिशेनं गेला. दुसराही तसाच गेला. मामंजींचा चेहरा मला बघवेना. तिसरी भुंगी मात्र बांबूच्या तोंडापुढे हेलकावत राहिली, पुन्हा पुन्हा वळून भोकाकडे बघितल्यासारखी. मग उडाली. दुपारी ती परत आली तेव्हा तिची पाठ पिवळी झाली होती. मामंजी होते तिथंच जमिनीवर बसले आणि डोळ्यांना पंचा लावला.

एका भुंगीनं मळा भरत नाही. मी हातानं करतच राहिले. चैत्र संपेपर्यंत वेलांखाली भोपळे दिसू लागले. थोडेच होते, पण होते. मुलीला उकडून कुस्करून भरवले आणि ती पुन्हा हात पुढे करू लागली. ज्येष्ठात नवऱ्याचं पत्र आलं. तो जिवंत होता, गोदीत ओझी उचलत होता.

चांगले वाढलेले भोपळे मामंजींनी घरात ठेवले नाहीत. ज्यांचं गवत जळालं त्यांच्या दारी एकेक नेऊन द्यायला निघाले. मी दारात उभी राहून म्हणाले, “मी येते. खरं काय ते सांगते.”

“नको,” ते म्हणाले. “तुला ह्या वाडीत जलम काढायचा हाय. माझा काढून झाला.”

कुणी भोपळा घेतला. एका घरी तो उंबऱ्याबाहेरच पडून राहिला, दुसऱ्या दिवशीही तिथंच होता.

पुढं दरवर्षी माघात आम्ही वळचणीला जुन्या बांबूचे तुकडे बांधत गेलो, एक बाजू पेरानं बंद, एक उघडी. सुकी फांदी दिसली की ती झाडावरच ठेवायची. तूर काढताना बांधावरची एक ओळ फुलत ठेवायची. शेजारणीनं विचारलं तर मी सांगायची, यानं भोपळा धरतो. दोन-तीन घरांनी तसं केलंही.

मामंजी तिसऱ्या हिवाळ्यात गेले. न्यायला सगळी वाडी आली. अंगणात बसलेला एक गावकर म्हणाला, “मानूस सोन्यासारका. ती येवढी आग सोडली, तर नावा ठेवायला जागा नाय.”

बायका रडत होत्या. मीही रडत होते. मी तोंड उघडलं नाही.