बोजारा वजा जाता

मस्कतहून कायमचा परतलो, त्यानंतर दोन महिन्यांनी कौटुंबिक न्यायालयाची नोटीस आली. अर्जदार माझी विभक्त पत्नी. मुलीच्या पोटगीची अकरा वर्षांची थकबाकी तिने मागितली होती. मी नोटीस दोनदा वाचली. मला राग आला, कारण माझ्या समजुतीप्रमाणे मी एक महिनाही चुकवला नव्हता.

ही समजूत कशी झाली, ते सांगितले पाहिजे.

आमचे घर विणकरांचे. वडील होते तोवर मागावर बसणाऱ्याच्या हाती मजुरी पडत नसे. ती घरातल्या थोरल्याकडे जाई आणि ज्याला जे लागेल ते तो देई. वडिलांमागे ते स्थान माझ्या थोरल्या भावाकडे आले. पुढे माग विकले गेले, भावाने किराणा दुकान टाकले, मी यंत्रदुरुस्ती शिकलो. रीत मात्र राहिली. बहिणींची लग्ने आधी, म्हणून माझे लग्न चाळिशीत झाले आणि सात वर्षांत मोडले. न्यायालयाने सहा वर्षांच्या मुलीसाठी दरमहा रक्कम ठरवून दिली, तेव्हा मस्कतच्या कारखान्यातली नोकरी माझी ठरून गेली होती. रक्कम पत्नीच्या खात्यात भरायची होती. त्यासाठी खात्याचा क्रमांक तिच्याकडे मागावा लागला असता. तो मी मागितला नाही. दरमहा भावाकडे पैसे पाठवत राहिलो आणि त्यातले मुलीचे तिला पोचवावे, एवढे सांगून ठेवले.

फोनवर मी विचारत असे. देऊन राहिलो ना गा, असे भाऊ म्हणे. पत्नीला मी कधी विचारले नाही. अकरा वर्षांत दोनदा सुटीवर आलो, दोन्ही वेळा मुलीला भेटलो आणि दोन्ही वेळा तिच्याजवळ पैशांचा विषय काढणे मला कमीपणाचे वाटले.

एरवी मुलीशी बोलणे होई ते वर्षातून एकदा, तान्ह्या पोळ्याला. त्या दिवशी ती लाकडी नंदी घेऊन जरीपटक्याहून, आईच्या घरून, भावाच्या घरी येई. वहिनी नंदीला ओवाळी, भाऊ तिच्या हातावर पाचशे रुपये बोजारा ठेवी आणि मला फोन लावून देई. ती नऊ वर्षांची असेल, तेव्हा म्हणाली की तिच्या नंदीला चाके नाहीत, उचलून आणताना हात दुखतात. चाकांचा घेऊन देईन, असे मी म्हणालो. दिला नाही.

नोटीस घेऊन मी भावाकडे गेलो. पोचपावत्या मागितल्या. तो गल्ल्यावर बसला होता. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबला आणि म्हणाला, "तुह्या पोरीले म्या कधी रिकाम्या हातानं पाठोलं नाही गा. दिवाळीले फ्रॉक, सातवीत सायकल, बोजारा तर दर साली. घरच्या पोरीले घरातून भेटते. तिच्या मायच्या खात्यात काहून भरू?"

बाकीच्या पैशांचे काय झाले, हे विचारायला मला जड गेले. त्याने काहीही न लपवता वर बोट केले. दुकानावर मजला चढवला होता. रस्त्याकडची खोली माझी होती. "तू वापस येशील तं राहशील कोठी?" तो म्हणाला.

त्याने चोरी केली, असे मला तेव्हा वाटले नाही आणि आजही वाटत नाही. तो रीतीप्रमाणे वागला. न्यायालयाचा आदेश त्याच्यावर नव्हता, माझ्यावर होता.

तरीही मी वाद घातला. हे मला कोणी करायला लावले नाही. वकील हुशार होते. त्यांनी दोन मुद्दे काढले. पहिला, मुलीला जे दिले ते थकबाकीतून वजा व्हावे. दुसरा, मागणी मुदतीत नाही. गेल्या एका वर्षापलीकडची थकबाकी अशा अर्जाने वसूल करता येत नाही. फ्रॉकची आणि सायकलीची बिले नव्हती. बोजारा मात्र भावाने दर वर्षी दुकानाच्या वहीत मांडला होता. वकिलांनी तक्ता केला. अकरा वर्षे, पाचशे प्रमाणे, साडेपाच हजार. मी वाचले आणि सही केली.

सुनावणीला मुलगी आईसोबत आली होती. अठरा पूर्ण झाली होती. माझ्याकडे पाहून तिने मान हलवली, तेवढेच. न्यायाधीश बाई कोकणाकडच्या असाव्यात. तक्त्यावर बोट ठेवून त्यांनी वकिलांना विचारले की बोजारा म्हणजे काय. वकील म्हणाले, पाल्यास रोख स्वरूपात केलेले अर्थसाहाय्य. बाईंचे समाधान झाले नाही. त्यांनी समोर बसलेल्या मुलीलाच विचारले.

मुलगी उभी राहिली. "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं लाकडी नंदी घेऊन घरोघरी जातात, मॅडम. लोक नंदीला ओवाळतात आणि मुलांना पैसे देतात. त्याला बोजारा म्हणतात." मग ती म्हणाली, "सगळ्याच मुलांना देतात. शेजारच्यांनाही."

मागच्या बाकावर कोणीतरी हसले. ती माझ्याकडे न पाहता खाली बसली. मी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिलो. त्याच क्षणी उठून तो तक्ता मागे घेता आला असता. वकिलांना खूण केली तरी पुरे होते. मी ती केली नाही.

बोजारा न्यायालयाने वजा धरला नाही. मुदतीचा मुद्दा मान्य झाला. मला एका वर्षाची रक्कम भरायची होती; दहा वर्षांची मागणी फेटाळली गेली. आवारात वकिलांनी हात मिळवला आणि पेढे कधी, असे विचारले. पत्नी आणि मुलगी फाटकाशी ऑटो ठरवत होत्या. ऑटोवाला जास्त मागत असावा, कारण दोघी चालत निघाल्या.

मी त्या वरच्या खोलीत राहू लागलो. खोली चांगली आहे. हवा येते, पाणी दोन्ही वेळ येते. तिथे राहून तीन महिन्यांनी मी बँकेत गेलो आणि नोकरी संपताना मिळालेल्या ठेवीतून उरलेल्या दहा वर्षांचा धनाकर्ष, म्हणजे डिमांड ड्राफ्ट, काढला.

जरीपटक्यात पत्नी एका कापड दुकानासाठी साड्यांना फॉल लावायचे काम करते. घराच्या पुढच्या खोलीत साड्यांचा ढीग होता. तिने मला खुर्ची दिली. धनाकर्ष पाहून म्हणाली, "कोर्टानं तं तुमाले सोडलं. मंग हे काहून?"

बाकी आहे, असे मी म्हणालो.

"पावती देऊ का? तुमाले कागद लागते."

मी नको म्हणालो. तिने धनाकर्ष मुलीकडे दिला. मुलीने तो वाचला, आत जाऊन न्यायालयाचे कागद आणले, एका पाठकोऱ्या पानावर गुणाकार केला. मग शांतपणे म्हणाली, "साडेपाच हजार कमी आहेत, बाबा. यातूनही बोजारा कापला का?"

मी रक्कम वकिलांच्या तक्त्यावरून उतरवून घेतली होती. शेवटची ओळ, तीतून भरलेले एक वर्ष कमी करून. त्या ओळीत बोजारा आधीच वजा होता. हे माझ्या ध्यानात आले नव्हते. एवढेच खरे आहे, पण ते मी सांगितले नाही. सांगितले असते तर तिने का विश्वास ठेवावा, याचे कारण मला सापडले नाही. खिशात हात घातला. चारशे रुपये होते. तिने ते पाहिले.

"राहू द्या," ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. चहा चांगला झाला होता. मी पुरा प्यालो.

साडेपाच हजार दुसऱ्या दिवशी नेऊन दिले. दार पत्नीने उघडले. मुलगी कॉलेजला गेली होती.

याला आता नऊ वर्षे झाली. मुलगी पुण्याला नोकरी करते. मी फोन केला तर उचलते, प्रकृती विचारते, औषधे घेता का म्हणते. स्वतःहून करीत नाही. तान्ह्या पोळ्याला गल्लीतली मुले नंदी घेऊन जिना चढून येतात. मी सगळ्यांना देतो. हल्ली बहुतेक नंदींना चाके असतात.