भाकरीएवढा गोल

"आधी पुसा, मग खुपसा." आमच्या सर्व्हर रूममध्ये पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येकाला काकांचं हे वाक्य ऐकावं लागे, मग तो नवखा असो की बाहेरगावहून आलेला मोठा साहेब. फायबरच्या, म्हणजे आत केसासारखी काच असलेल्या केबलचं टोक पुसल्याशिवाय ते कोणालाही मशीनमध्ये खुपसू देत नसत.

तुमच्याही ऑफिसात असा एक माणूस असेल. असेपर्यंत त्याचा जाच होतो, आणि तो रजेवर गेला की सगळं बंद पडतं.

काका पुण्याजवळच्या धायरीचे. शेतं इमारतींखाली गेली तरी त्यांचं माप भाकरीचंच राहिलं. केबल गुंडाळताना गोल भाकरीएवढा हवा, त्याहून लहान केलेला त्यांना खपत नसे. "काच हाय ती मॅडम, सुतळी न्हाई," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सुनावलं. खिशात पेनाऐवजी केबलच्या टोकांवर आणि मशीनच्या रिकाम्या पोर्टांवर बसवायच्या प्लास्टिकच्या टोप्या असत. टोक उघडं दिसलं, की थंडीत उघडं मूल दिसावं तसे अस्वस्थ होत.

पुसलेलं टोक ते हातातल्या छोट्या स्कोपमधून, धुळीचा कणही मोठा दाखवणाऱ्या भिंगातून, बघत आणि "स्वच्छ हाय" म्हणत. त्यानंतर कोणी पुन्हा बघत नसे.

एकदा एका शाखेची लाइन सारखी तुटायला लागली. काकांनी केबलचं टोक तपासलं आणि "स्वच्छ हाय" म्हणाले. लाइन पुन्हा तुटली. ते जेवायला गेल्यावर मी स्कोप डोळ्याला लावला. बरोबर मध्यभागी चांगला ठसठशीत कण होता. मी तो पुसला, लाइन सुरू झाली, आणि मी गप्प बसले. निवृत्तीला त्यांना दोन वर्षं होती. तपासणीचं काम हातातून गेलं असतं तर त्या खोलीत त्यांना कामच उरलं नसतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच विषय काढला.

"काल तुम्ही परत पुसली का?"

"हो."

"काय होतं?"

खोटं बोलता आलं असतं. "कचरा होता, काका."

मग त्यांनी सांगितलं, की सहा महिन्यांपासून नीट दिसत नाही, आणि डॉक्टरांनी आता सुधारणार नाही म्हणून सांगितलंय. त्याच दुपारी ते स्वतः साहेबांकडे गेले आणि स्टोअरमध्ये बदली मागून आले. स्कोप माझ्या टेबलावर ठेवला. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली.

जाताना ते रॅकसमोर थांबले आणि रिकाम्या पोर्टांवरून बोटं फिरवत गेले. एका पोर्टपाशी बोट अडलं. तिथे टोपी लावायची मी विसरले होते. त्यांनी खिशातून एक काढली आणि न चाचपडता बसवली.

"तुम्हाला तर दिसतंय ना," एवढंच म्हणाले.

आता काका निवृत्त आहेत. टोप्या माझ्या पर्समध्ये असतात. टोक तपासलं की "स्वच्छ हाय" माझ्याही ओठांवर येतं, पण ते म्हणण्याआधी मी एकदा परत बघते.