देवीच्या बनाची कमिटी

चातुर्मासात आम्ही बायका कहाण्या सांगतो, त्यांना नीट शेवट असतो. उतू नको, मातू नको म्हटलं की हरवलेलं परत मिळतं, आणि ऐकणाऱ्या बायका हातातल्या अक्षता देवावर वाहून घरी जातात. बनाचे किस्से तसले नाहीत. बनातून हिंडून आलं की लुगड्याच्या काठाला कुसळं लागलेली असायची. ओसरीवर बसून एकेक वेचायची, सगळी निघाली म्हणून उठायचं, आणि चुलीपुढे बसलं की एक टोचलंच! हे किस्सेही असेच. किती सांगितले तरी एखादा राहतोच.

बन म्हणजे काय ते आधी सांगते. घोडेगावच्या बाजारापासून तीनेक कोसांवर आमचं गाव. गावाच्या खालच्या अंगाला ओढा आणि ओढ्याकाठी सहा-सात एकरांचं जुनं रान. वड, उंबर, चिंचा, लिंब. मधोमध शेंदूर लावलेला देवीचा तांदळा, न घडवलेला दगड. तिथे कधी कुऱ्हाड नेली नाही कुणी, आणि पायात चप्पल घालूनही कुणी गेलं नाही. राखण करायचे हसनचाचा. त्यांच्या घराण्याची ही तिसरी पिढी. बनाच्या कडेला त्यांची कोपी, त्यात चाचा, चाची आणि एक तांबडी गाय.

*

एकाहत्तरच्या सुमारास पंचायतीने बनासाठी कमिटी केली. तिघांची. सरपंच नाना, देवीचे गुरव भिकाकाका, आणि तिसरी मी! पंचायतीत बाई मेंबर लागते म्हणून मला आधीच घेतलेलं होतं. नाना आमच्या ओट्यावर येऊन म्हणाले, "वहिनी, तुमाला काय करायचं न्हाई. नुसती सही."

पहिल्या मीटिंगला माझा सोमवारचा उपास होता. कोणती झाडं जपायची, नवी कुठे लावायची असं चाललं होतं. मी म्हटलं, ओढ्याच्या बाजूला उंबर लावा, तिथे ओल असते.

नाना हसले. "वहिनी, झाडातलं बाईमानसाला काय ठावं?"

मी म्हटलं, "नाना, वडाला सात फेऱ्या तुम्ही मारता की आम्ही?"

भिकाकाकांना हसताना ठसका लागला. म्हणाले, "नाना, ह्ये मीटिंगच्या बुकात घ्या!"

नानांनी ते घेतलं नाही. पण त्याच मीटिंगमध्ये दुसरं एक घेतलं. बनातली एक जरी फांदी तुटली, तरी राखणदार त्याच आठवड्यात बदलायचा आणि कोपी मोकळी करून घ्यायची. मी विचारलं, "आणि तोडणाऱ्याला काय?"

"त्यो घावला तर ना, वहिनी!"

चाचा दाराशी उकिडवे बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "ल्ह्या. फांदीच तुटनार न्हाई, मग मी कशाला जातोय!"

मी सही केली. सुवाच्य अक्षरात, पूर्ण नावाची.

*

त्या ठरावात पहिली सापडणार होते ती मीच.

वटपौर्णिमा आली. सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्यांना वडापर्यंत चालवत नसे. आणि तशीही आमच्याकडे त्या लग्न होऊन आल्यापासूनची पद्धत, बनातली वडाची डहाळी आणायची आणि ती पाटावर ठेवून सासूबाईंनी पुजायची. मी पूजेचं ताट घेऊन गेले, देवीला नमस्कार केला, आणि सवयीने डहाळीला हात घातला.

"वहिनी!"

चाचा धावत आले. लांब उभे राहून हात जोडले. "मोडू नका, वहिनी. डहाळी तुमी न्याल, कोपी माझी जाईल."

मी हात मागे घेतला. नवऱ्याच्या आयुष्यासाठी मी ज्या डहाळीला हात घातला, तिच्यामुळे दुसऱ्या सवाष्णीचं घर मोडणार होतं! तशीच घरी परत आले, ह्यांना बैलगाडी जुंपायला लावली, आणि सासूबाईंना उचलून वडापाशी नेलं.

सासूबाई गाडीत बसूनच वर बघत राहिल्या. पारंब्या, पाखरं, तो एवढा विस्तार. मग म्हणाल्या, "अगं, चाळीस वर्षं डहाळी पुजली. झाड आज बघितलं!"

*

बहात्तरला पाऊस आलाच नाही. आधीची दोन वर्षंही रडतखडतच गेली होती. आडाचा तळ दिसायला लागला. घोडेगावच्या बाजाराकडे गुरांची रांग लागायची आणि येताना माणसं मोकळे कासरे खांद्यावर टाकून यायची. मी पावसासाठी सोळा सोमवार धरले. रोज वाटायचं, आज ढग येतील.

सगळं रान करपलं तरी बनातला पाला हिरवा होता. जुनी झाडं, खोल मुळं. गावाची नजर तिकडे वळली. ग्रामसभेत एक जण उठून म्हणाला, "देवी काय पाला खाती व्हय?"

शेवटी कमिटीने मधला मार्ग काढला. झाडावरचा पाला तोडायचा नाही. खाली पडेल तो झाडायचा आणि पाळीपाळीने एकेका घराला एक पाटी द्यायची. झाडायला मी जायची. देवीचं अंगण झाडल्यासारखं वाटायचं, आणि संध्याकाळी एक तरी गाय जगली म्हणून बरं वाटायचं.

आठ दिवसांतच पाला जास्त पडायला लागला! मी देवीचे आभार मानले. चाचांनी मात्र एका दुपारी तिघांना लिंबाचं झाड गदागदा हलवताना पकडलं.

"काय चाललंय?"

"वारा सुटलाय, चाचा!"

चाचांनी चिंचेकडे बघितलं, वडाकडे बघितलं. कुठे पान हलत नव्हतं. म्हणाले, "लई शाना वारा हाय. पाळी नसलेले ज्या झाडाखाली हुबे, तिथंच सुटतो!"

*

मग रस्त्याचं दुष्काळी काम निघालं. निम्मं गाव खडी फोडायला. मुलांना तिथे सरकारी पीठ-गुळाची सुखडी मिळायची, आणि ती शिजवायला लाकूड लागायचं. एक दिवस कुठल्याशा ऑफिसातले ओव्हरसियर ट्रक घेऊन बनाशी आले. हातात ऑर्डर. हद्दीतली वाळलेली आणि निरुपयोगी झाडं तोडावीत.

चाचांना वाचता येत नव्हतं. ते म्हणाले, "सायेब, बन देवीचं हाय. ऑर्डर तिला वाचून दावा. चपला काढून."

ओव्हरसियर चांगले माणूस होते. खरंच चपला काढल्या, तांदळ्यापुढे उभे राहिले, आणि जावक नंबरापासून सहीपर्यंत सगळी ऑर्डर वाचली. बघायला जमलेल्या खडी फोडणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या.

चाचांनी विचारलं, "काय म्हनाली?"

"कोण?"

"देवी."

"अहो, ती काय बोलणार!"

"मग सायेब, ती हो म्हनल्याबिगर कसं तोडायचं?"

ट्रक रिकामा गेला. संध्याकाळपर्यंत गावात हाच विषय, जो तो चाचांची नक्कल करून दाखवत होता.

दुसऱ्या दिवशी कामावर सुखडी आली नाही. लाकूड नव्हतं म्हणे. मुलं थाळ्या घेऊन दुपारपर्यंत रांगेत बसली आणि तशीच उठली. चाचा त्या दिवशी कोपीबाहेर आले नाहीत.

*

उन्हाळ्यात चाचांची तांबडी बसली. गाय बसली की उठत नाही, हे शेतकऱ्याच्या घरात सांगावं लागत नाही. पाल्याची त्यांची पाळी यायला अजून पाच दिवस होते.

मी म्हटलं, "आमची पाळी उद्या आहे, चाचा, ती घ्या."

"तुमची गाय बी उपाशीच हाय की, वहिनी."

नाना बघायला आले. त्यांनाही वाईट वाटलं. म्हणाले, "हसनभाई, एक फांदी तोड. कमिटी डोळं झाकंल."

चाचा गायीच्या मानेवर हात फिरवत होते. "नाना, राखनाऱ्यानंच तोडल्यावर मागनं येनाऱ्याला मी काय सांगू?"

चाची बनाकडे पाठ करून बसली होती. हिरवा पाला कोपीच्या दारातून दिसत होता, दहा पावलांवर. ती मला म्हणाली, "बहिनी, माझा मानूस चांगला हाय. पर कदी कदी वाटतं, इतका चांगला नसता तर बरं झालं असतं."

सोमवारी पहाटे तांबडी गेली.

*

आता शेवटचा सांगते.

चाचांनी गाय ओढ्याच्या वरच्या वळणाला पुरायची ठरवली, कारण माती तिथेच थोडी मऊ होती. खड्डा खणायला दिवस गेला. चाची बरोबर होती. मीही गेले. तांबडीच्या कपाळाला हळदीकुंकू लावलं. तिचं दूध चाची दर नवरात्रात देवीला द्यायची, एवढं तरी आम्ही तिचं देणं लागत होतो. बन त्या दिवशी रिकामं होतं, आणि ते साऱ्या गावाला माहीत होतं.

मंगळवारी सकाळी मी झाडायला गेले तर ओढ्याकाठचा जुना उंबर बोडका. अकरा फांद्या मी मोजल्या. कुऱ्हाडीचे घाव ताजे, त्यांतून पांढरा चीक ओघळत होता. चाचा बुंध्याला हात लावून उभे होते. मला बघून एवढंच म्हणाले, "मीटिंग कदी, वहिनी?"

मीटिंग गुरुवारी ठरली.

बुधवारी संध्याकाळी आमच्या कपिलेनं दूध दिलं. पंधरा दिवस आटलेली गाय, आणि पेलाभर दूध! मला रडू आलं. वाटलं, एवढ्या उपासांचं काहीतरी पोहोचलं वरती. गुरुवारी सकाळी अंघोळ करून तेच दूध घेऊन बनात गेले, देवीपुढे ठेवलं आणि चाचांसाठी नवस बोलले. खरा चोर सापडू दे, माझ्या हातून या माणसाचं घर मोडू देऊ नकोस.

परत येऊन गोठा झाडायला घेतला. गव्हाणीच्या तळाशी कडब्याच्या चुऱ्याखाली देठं होती. उंबराची. बोटाला चीक लागला.

हे ओसरीवर दाढी करत होते. मी देठं समोर धरली.

आरशातून नजर न काढता म्हणाले, "गाय उभी राहिली ना? मग. देवीनंच दिलं म्हण."

"चाचांची कोपी जाईल."

"त्या ठरावावर सही कुणाची आहे?"

मी पदराला हात पुसले आणि पंचायतीत गेले.

नानांनी कागद लिहून ठेवला होता. चाचा दाराशी, पहिल्या मीटिंगला बसले होते तसेच. चाची बाहेर, बांधलेलं गाठोडं घेऊन. तिनं आधीच बांधलं होतं.

भिकाकाका म्हणाले, "अकरा फांद्यांचा पाला. एवढा गेला कुठं?"

नाना म्हणाले, "ह्यानंच भाईर दिला आसंल कुनाला. गाय गेल्याचा राग, दुसरं काय! हसनभाई, बोल की कायतरी."

चाचा म्हणाले, "कुनाचं तरी जनावर जगलं आसंल. त्येच्यापरीस जास्त मला ठावं न्हाई."

नानांनी कागद माझ्याकडे सरकवला. वर भिकाकाकांची सही झालेली होती. पेन माझ्या हातात दिलं. "वहिनी, इथं."

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, "नाना, पाला आमच्या गव्हाणीत आहे. ह्यांनी आणलाय. देठं अजून तिथेच आहेत. चला, दाखवते."

कुणी उठलं नाही. भिकाकाका मान खाली घालून जमिनीकडे बघायला लागले. बाहेर चाची गाठोड्यावर हात ठेवून उभी राहिली. नानांनी कागद स्वतःकडे ओढून घेतला. मग इतक्या हळू बोलले की मला पुढे वाकावं लागलं.

"वहिनी... तुमच्या गव्हाणीत पन?"