आर्डिसच्या पायऱ्यांवरचा बर्फ

आमच्या मिनेसोटातल्या गावात शेजाऱ्याच्या दारातला बर्फ काढायचा आणि बेल न वाजवता निघून जायचं. थांबलं तर समोरच्याला आभाराचं ओझं होतं, असं आम्ही मानतो.

आर्डिस ट्वेटने तीस वर्षं चर्चच्या तळघरात प्रत्येक मयतानंतरच्या जेवणाचे सँडविच केले. माझी बायको गेली तेव्हा मला म्हणाली, "ऑर्विल, रडून झालं असेल तर खुर्च्या उचल." अशी बाई. पुढे तिचं खुब्याचं हाड मोडलं आणि ज्यांच्या दारातला बर्फ आम्ही काढतो त्या यादीत तिचं नाव आलं. मी बर्फ काढायचं यंत्र फिरवायचो, ती वॉकर ढकलत दाराशी येईतो पुढच्या घरी पोचायचो. काचेतून ती हात हलवायची, मीही हलवायचो.

जानेवारीत तिचा फोन आला. "उद्यापासून माझ्याकडचा बर्फ काढू नकोस."

"बरं."

"का, ते नाही विचारणार?"

"तुझ्या घरच्या गोष्टीत मी कशाला नाक खुपसू?"

"फारच सभ्य रे तुम्ही सगळे," म्हणाली आणि फोन ठेवला.

मी यादीतलं नाव खोडलं. महिनाभर तिच्या पायऱ्यांवर बर्फ साचत राहिला. बाईला एकटं राहायचं असेल, असं म्हणून आम्ही सगळे पुढे जात राहिलो.

मग तिची मुलगी तिला दूरच्या वृद्धाश्रमात घेऊन गेली. घर आवरायला परत आली तेव्हा मला म्हणाली, "काका, तुमच्या यंत्राचा आवाज आला की आई दोन कप कॉफी ओतायची म्हणे. तुम्ही कधी आत आला होतात?"

"नाही गं. तिला त्रास नको म्हणून."

मुलीने पुढे काही विचारलं नाही. तीही आमच्याच गावची.