इंजिनात आलेला पूर

गोंदियाच्या क्लबात मी कारकून म्हणून लागलो तेव्हा मला मॅट्रिक होऊन वर्ष झालं होतं. अठ्ठावन्न साल असावं. क्लब म्हणजे स्टेशनामागचा बंगला, टेनिसचं मैदान आणि भोवती गवताची हिरवळ. संध्याकाळी रेल्वेचे अधिकारी आणि राईस मिलचे मालक येत. माझ्याकडे पत्रव्यवहार होता आणि, का ते मला कधी कळलं नाही, गवत कापायची दोन मशीनंही होती. दोन्ही पेट्रोलवर चालायची. जुनं दोरी ओढून सुरू व्हायचं. नव्याला बॅटरी होती, त्याचं नुसतं बटण दाबायचं. क्लबच्या सेक्रेटरींनी ते कलकत्त्याहून मागवलं, एकदा सगळ्यांना चालवून दाखवलं आणि पावसाळाभर शेडमध्ये ठेवून दिलं.

माळी जवळच्या मुर्री गावचे, पन्नाशीतले. घरची थोडी धानाची शेती होती; सकाळी बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, चक्कर मारून मग कामावर येत. मी त्यांना मामाजी म्हणायचो, ते मला बाबू.

दसऱ्याच्या आठवड्यात सेक्रेटरींनी सांगितलं की रविवारी नागपूरचे पाहुणे खेळायला येणार आहेत, हिरवळ नव्या मशीननेच कापा. शुक्रवारी सकाळी मामाजींनी बटण दाबलं. इंजिन गुरगुरलं आणि गप्प झालं. त्यांनी पुन्हा दाबलं, मग मी दाबलं. दहाबारा वेळा झाल्यावर गुरगुरही बारीक होत गेली. पेट्रोलचा वास मात्र दरवळत होता. मशीनबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक माझ्या टेबलात होतं. मामाजींनी मला ते आणायला सांगितलं.

इंग्रजी मला येतं असा माझा समज होता. सुरू न होणाऱ्या मशीनचं पान सापडलं. इंजिन 'फ्लडेड' झालं असेल तर थांबा, प्लग काढून कोरडा करा, असं काहीसं होतं. फ्लड म्हणजे पूर, हे मला शाळेपासून पाठ होतं. मी म्हणालो, "मामाजी, इंजिनात पूर आलाय."

त्यांनी शेडच्या कौलांकडे पाहिलं. जमीन कोरडी होती. तरी पावसाळ्यात कुठून तरी पाणी शिरलं असेल असं मला वाटलं, आणि ते काढायला मशीन कलतं करा असं मीच सुचवलं. मामाजींनी ते आडवं केलं. पाण्याचा थेंब आला नाही. काळं तेल तेवढं ओघळलं. मी घाईने पुढचं पान उलटलं, तर तिथे बॅटरीत पाणी कमी असेल तर भरा असं लिहिलेलं. तेही मी वाचून दाखवलं.

मामाजी हात पुसत थांबले. "पूर येऊन राह्यला म्हनता, आन् पानी बी भरा म्हनता. यातला कोनता करू?"

पुस्तकात दोन्ही होतं, मी दोन्ही बरोबर वाचलं होतं, आणि समोर मशीन आडवं पडलं होतं. आम्ही ते सरळ करून उन्हात ठेवलं. दुपारी बटण दाबलं तर नुसतं टक् वाजलं.

शनिवारी मामाजींनी मला न विचारता जुनं मशीन बाहेर काढलं. प्लग काढला, पॉलिश पेपरने घासला, फुंकला, परत बसवला. डब्यातलं ताजं पेट्रोल ओतलं. दोरी गुंडाळून ओढली, दोनदा काही झालं नाही, तिसऱ्यांदा मशीन धडधडलं. पावसाळ्यातही दर पंधरवड्याला मामाजी ते असंच चालवून ठेवत, हे मला तेव्हा कळलं. संध्याकाळपर्यंत हिरवळ कापून झाली.

सोमवारी सेक्रेटरींनी बस स्टँडवरचा मिस्त्री आणला. त्याने वास घेतला, प्लग काढून पाहिला आणि म्हणाला, "पानी नहीं है, बाबू. पेट्रोल भर गया है." बॅटरी महिनोन्‌महिने पडून उतरली होती, त्यात पुन्हापुन्हा बटण दाबल्याने इंजिन पेट्रोलने भरलं, आणि आडवं केल्यामुळे तेल प्लगपर्यंत गेलं. पाणी बॅटरीला लागतं, इंजिनाला नाही. त्याने प्लग आणि सांडलेलं तेल साफ केलं आणि बॅटरी चार्ज करायला नेली. दोन्ही मशीनं आठवड्यातून एकदा चालवा, दोरी असो की बटण, असं त्याने बजावलं.

मशीन आडवं कुणी केलं, असं सेक्रेटरींनी विचारलं. मी बोलायच्या आत मामाजी म्हणाले, "मीनं केलो, साहेब." सेक्रेटरी बरेच रागावले. मामाजी ऐकत उभे राहिले आणि मी पुस्तक हातात धरून त्यांच्या शेजारी. वर जाताना सेक्रेटरी मला म्हणाले की पुढल्या वेळी पुस्तक नीट समजावून सांगत जा, याला कळत नाही.

दोन दिवस मी मामाजींच्या वाटेला गेलो नाही. तिसऱ्या दिवशी शेडमध्ये जाऊन विचारलं, "माझं नाव काऊन नाही सांगितलं?"

ते मिस्त्रीकडून चार्ज होऊन आलेल्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर ओतत होते. "आडवी त मीनंच केलो होतो ना," ते म्हणाले आणि बाटलीचं बूच लावायला माझ्या हातात दिलं.

हे त्यांनी मला वाचवायला केलं, की त्यांना खरंच तेवढंच म्हणायचं होतं, हे मला कळलं नाही. चेहऱ्यावरून तर मुळीच नाही. मी बूच लावलं. त्यांनी बटण दाबलं, मशीन पहिल्याच झटक्यात सुरू झालं, आणि त्या आवाजात पुढे काही विचारता आलं नाही.